बाबांना बंदूक शिकवताना

५ मार्च

बाबांनी आज पुन्हा बंदूक मागितली. म्हटलं, आधी दूध संपवा, मिशा पुसा, मग बोलू.

शाळेत नव्या बाई आल्यात, कुठल्याशा मोठ्या शहरातल्या. दुपारी दाराशी विचारतात, "कोणाला न्यायला आलात?" मी आपली सवयीने, "माझ्या वडिलांना." बाई बघतच राहिल्या! सदुसष्ट वर्षांच्या म्हातारीचे वडील दुसरीत? तेवढ्यात आमचे वडील आले धावत. एक बूट पायात, एक हातात, पुढचे दोन दात पडलेले. मग नास्तासियाने, माझ्या लेकीने, बाईंना सगळं उलगडून सांगितलं. माझा म्हातारा बाप गेला त्याच हिवाळ्यात ही नात झाली. नाव त्याचंच ठेवलं, चिकिगाक. नाव आलं म्हणजे माणूस आला. म्हणून मी तिला बाबा म्हणते आणि नास्तासिया पोटच्या पोरीला आजोबा म्हणते. बाई म्हणाल्या, "किती गोड!" गोड कसलं डोंबलाचं! ज्या माणसाने मला समुद्रातला सील सोलायला शिकवलं, त्याला मी नाक शिंकरायला शिकवतेय.

आणि आता बंदूक. घाई आहे म्हणून. मे संपला की नास्तासिया नर्सचं रीतसर शिकायला अँकरेजला, अलास्कातल्या मोठ्या शहरात, चाललीय, दोन्ही पोरांना घेऊन. तिकडे सील नाहीत, मोटारी आहेत. म्हणजे बाबांचा पहिला सील व्हायचा तर याच वसंतात. मला तो बघायचाय. बस, एवढंच मागणं आहे देवाकडे, बाकी गुडघ्यांचं मी बघून घेईन.

नास्तासियाची अट: "गावच्या दवाखान्यात गोळी लागलेली माणसं मी शिवते, आई. तू नाही. एक चूक दिसली की बंद."

बरं बाई!

६ मार्च

पाविलाही बंदूक मागतो. बाबांचा धाकटा भाऊ, वय पाच. भोकाड पसरलं. दिली — काठी. दोघांनाही काठीच.

१० मार्च

काठीचं शिक्षण जोरात. काठी म्हणजे बंदूक. टोक आभाळाकडे नाहीतर समोर जमिनीकडे. माणसाकडे नाही, कुत्र्याकडे नाही, घराकडे नाही. दारातून आत येताना आधी काठी खाली. बर्फाचा ढीग ओलांडताना आधी काठी खाली. टोक कोणाकडे वळलं की काठी चुलीमागे, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

पाविलाची काठी चुलीमागेच राहते. "माझी बंदूक झोपलीय," म्हणतो. त्याने काठीने मांजराला, देवाच्या तसबिरीला आणि दवाखान्याच्या विमानाला टिपून झालंय. बाबा मात्र शहाणे. संडासला जातानाही काठी बरोबर, टोक वर.

वासिली आला होता चहाला. माझा मामेभाऊ. म्हणे, "ओलिंका, काठीला परवाना काढलास का?" मी म्हटलं, "तुझ्या जिभेला सेफ्टी बसवून आण आधी." तर म्हणे, "तुझ्या बंदुकीपेक्षा या काठीचा नेम बरा असेल, तिला निदान गंज नाही!" आणि माझा सुका मासा खाऊन, माझाच चहा पिऊन गेला. मामेभाऊ आणि आतेबहीण म्हटल्यावर चेष्टा ही करायचीच असते आमच्यात, नाही केली तर लोक विचारतात, भांडण झालं का. पण या माणसाने तर धंदाच करून ठेवलाय!

१५ मार्च

आज बाबांची काठी वळली. नास्तासियाने हाक मारली म्हणून गर्रकन फिरले, टोक थेट आईच्या छातीवर.

नियम म्हणजे नियम. पण वडिलांना रागवायचं कसं? ज्याचं नाव घेऊन पोर आलंय त्याच्या मुलीने त्या पोरावर आवाज चढवायचा नाही, हे माझ्या आईने मला दूध पाजता पाजता सांगितलं असेल. रागावलं की नाव दुखावतं. नाव दुखावलं की माणूस निघून जातो. मी आपली मधाळ आवाजात, "बाबा, काठी जरा तिकडे झाली हं, असू दे, चुलीमागे ठेवू या का? तुम्हाला वाटलं तर."

त्यांना वाटलं नाही.

नास्तासिया म्हणाली, "शिकवतेयस की ओवाळतेयस?"

१६ मार्च

काठी चुलीमागे गेली. नास्तासियाने नेली.

२२ मार्च

काठी पास! आजपासून माझी लहान रायफल. गोळ्यांशिवाय. गोळ्या डब्यात, डब्याला कुलूप, किल्ली नास्तासियाच्या गळ्यात क्रुसाशेजारी.

हातात घेतली की बोल्टची कडी मागे ओढायची, आत बघायचं, बोट घालून बघायचं, मोठ्याने म्हणायचं, "रिकामी." दुसऱ्याला देताना त्याला दाखवायची, त्यानेही म्हणायचं, "रिकामी." मग द्यायची. दिवसभर घरात हेच. बाबा मला देतात, मी बाबांना देते. आता सगळ्यालाच लागलंय ते. नास्तासियाने चहाची किटली उचलली तर पाविला आत डोकावून ओरडतो, "रिकामी!" रात्री अकुताकचा वाडगा चाटूनपुसून पुढे केला, "आजी, बघ, रिकामी." अजून वाढलं. काय करणार! बेरी आणि चरबी इतकी छान घोटली गेली होती की मीही दोनदा वाडगा दाखवून म्हटलं, रिकामी.

वासिली आला, बंदूक दाराशी टेकवली आणि आत शिरला. बाबांनी वाट अडवली. "वासिलीआजोबा, रिकामी आहे?" "आहे गं." "दाखवा." सत्तरीच्या माणसाला परत बाहेर पाठवलं, बोल्ट उघडायला लावला. होती रिकामी, पण त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं! जाताना मला म्हणतो, "तुझा बाप पूर्वीही असाच खडूस होता." मला इतकं बरं वाटलं की त्याला माशाचा एक तुकडा बांधून दिला.

२९ मार्च

सगळं बिघडलं.

सकाळी ऊन छान, वारा नाही. नदीच्या उताराशी, मागे मातीचा उंच काठ, त्याच्यासमोर डबे मांडले. कानावर कानटोप्या, त्या आवाज अडवणाऱ्या. बाबा पोटावर झोपले, मी शेजारी, पाविला माझ्या मागे. पहिली गोळी काठात. दुसरी काठात. तिसरी — टण्ण! डबा उडाला!

आणि बाबा उठले. बंदूक हातात. "आजी, पाहिलंस?" म्हणून वळले. नळी माझ्या पोटावरून गेली आणि पाविलाच्या तोंडावरून.

आत गोळी नव्हती. नशिबाने. पण हे मला नंतर कळलं, तेव्हा नाही.  आणि मी काय केलं? हसले! म्हटलं, "वा बाबा! पण नळी खाली हं." एवढंच. त्यांचं तोंड इतकं फुललं होतं. माझ्या वडिलांचं तोंड डबा उडवल्यावर असं फुलायचं.

नास्तासियाला सांगायचं नाही ठरवलं. पण पाविलाच्या पोटात काय राहतंय! दारातूनच ओरडला, "आई! आजोबांनी मला बंदुकीच्या आतलं भोक दाखवलं!"

नास्तासिया ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बंदूक कपाटात, कपाटाला कुलूप. मग मला म्हणाली, "तू तिला काहीच बोलली नाहीस?"

"वडिलांना कसं बोलू?"

"मग वडिलांना शिकवू नकोस."

३० मार्च

तिचं बरोबर आहे. पण मी तरी काय करू?

नास्तासियाने दिवसभर माझ्याकडे पाठ करूनच काम केलं. जावयाचा फोन आला उत्तरेकडून, तेलाच्या कामावरून. "काय विशेष?" मी म्हटलं, "थंडी आहे."

२ एप्रिल

वासिलीकडे गेले. सगळं सांगितलं. तो चेष्टा करेल म्हणून तयारीत होते. केलीच. म्हणाला, "तुझ्या बापाने आयुष्यात कोणावर नळी वळवली नाही. म्हणजे त्या दिवशी वळवली ती तुझ्या बापाने नाही, आठ वर्षांच्या कार्टीने वळवली. कार्टीला रागवायला काय जातंय तुझं?"

"आणि मधल्यामध्ये बाबांनी ऐकलं तर?"

यावर त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "रागवू नको. दाखव. नुसतं दाखव. माझ्यावर सोपव."

३ एप्रिल

वासिलीने टोमॅटोचा डबा आणला. दुकानातला शेवटचा, विमान कधी येईल देव जाणे. नास्तासियाची परवानगी घेतली, पोरांना नदीकाठी नेलं, त्याच मातीच्या भिंतीपाशी. डबा एका खोक्यावर ठेवला. ते खोकं बरोबर पाविलाच्या पोटाएवढं उंच — मुद्दाम. पोरांना मागे उभं केलं, कानटोप्या घातल्या, आणि स्वतःच्या बंदुकीने एक गोळी मारली.

डबा फाटला. पांढऱ्या बर्फावर लालच लाल, कुठच्या कुठे उडालेलं.

पाविला नाचायला लागला, "अजून एक! अजून एक!" बाबा नाचले नाहीत. खोक्याजवळ गेले. खोक्याकडे बघितलं, पाविलाकडे बघितलं, परत खोक्याकडे.  घरी येताना त्यांनी पाविलाचा हात धरला होता आणि तो ओढत होता तरी सोडला नाही.

जेवताना हळूच म्हणाले, "आजी, भोक दाखवलं ना मी पाविलाला, तेव्हा तोही त्या डब्यासारखा फुटला असता."

म्हटलं, "हो बाबा."

मग बाबांनी आणि मी भांडी घासली. मला रडू आलं, पण साबणाचं पाणी होतंच तोंडावर.

४ एप्रिल

वासिली टोमॅटोची भरपाई म्हणून दोन वेळचं जेवण मागतोय. चोर!

१२ एप्रिल

कपाट उघडलं. नास्तासिया स्वतः नदीकाठी आली होती, हाताची घडी घालून, सासूसारखी. बाबांच्या हातात बंदूक दिली आणि मागून एकदम हाक मारली, "आजोबा!" बाबा आधी नळी खाली, मग बोल्ट मागे, मग मान वळवून, "काय?"

नास्तासियाने हाताची घडी सोडली. घरी येऊन तिने अकुताक केलं. म्हणजे पास.

पण आता आमचं काही खरं नाही! बाबा इतके कडक झालेत की मी शिवणाची सुई पाविलाकडे टोक करून धरली तर म्हणतात, "आजी, टोक."

१६ एप्रिल

पहिली शिकार! झुडपांमागे पांढरी रानकोंबडी. बाबांनी पहिल्या दोन सोडल्या. एकीच्या मागे रस्ता होता, दुसरी उडत होती. तिसरी बसलेली, मागे टेकाड. एकच गोळी.

पहिली शिकार घरात ठेवायची नाही, चाखायचीसुद्धा नाही. म्हाताऱ्यांना द्यायची. बाबा ती उराशी धरून गावभर म्हातारे शोधत निघाले आणि थेट वासिलीच्या दारात. वासिली म्हणतो, "मी? म्हातारा? ही तुझ्या मुलीला दे, ती माझ्यापेक्षा जुनी दिसते!" तीन वर्षांनी लहान आहे मी त्याच्याहून! पण घेतली. दोन्ही हातांनी घेतली, आणि बाबांना म्हणाला, "चिकिगाक, खूप वर्षांनी तुझ्या हातचं खातोय." 

आता सील. बर्फ फार तर मेच्या सुरुवातीपर्यंत टिकेल. जायला हवं.

१८ एप्रिल

वारा.

१९ एप्रिल

वाराच. वासिली म्हणे पाठ धरलीय, या वर्षी तो बर्फावर येणार नाही. "तू जा तुझ्या बापाला घेऊन. सील तुला बघून स्वतःच मरतील."

२१ एप्रिल

हे लिहायलाच हवं. 

पहाटे निघालो, बाबा आणि मी. स्नोमोबाईल, मागे घसरगाडी, चहा, सुका मासा. बर्फाच्या कडेशी पोचलो तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. समोर काळं पाणी. दोघींच्या अंगावर पांढरे झगे, सीलला दिसू नये म्हणून. पिशवीवर बंदूक टेकवली, एक गोळी आत, सेफ्टीचा खटका लावलेला. बाबा पोटावर, कानटोप्या गळ्यात. बसलो.

दोन सील आले. डोकं वर, बघितलं, बुडाले. बाबा म्हणाले, "लांब." बरोबर होतं. तिसरा आला, तोही लांब. मग काहीच नाही. मला वाटायला लागलं, संपला वसंत. मे संपेल, विमान येईल, बाबा जातील, आणि तिकडे कोणी त्यांना बाबा म्हणणारही नाही.

आणि मग दिसला! डावीकडे, बर्फाच्या उंचवट्यावर, तपकिरी, गोल, हलणारं डोकं. कडेला वर आलेला, ऊन खात पडलेला. जवळ! असा सील वर्षातून एकदा दिसतो.

"बाबा, तो बघा! मारा!"

बाबांनी बघितलं. बंदूक वळवली नाही. हात पुढे केला. "दुर्बीण दे, आजी."

दुर्बीण माझ्याच गळ्यात होती. झग्याच्या आत. मीच शिकवलेलं — आधी दुर्बिणीने बघायचं, बंदुकीने कधीही बघायचं नाही. पण झगा उघडायचा, दुर्बीण काढायची, तोवर तो पाण्यात जाणार!

"वेळ नाही. सीलच आहे. मी सांगतेय ना!"

"मला फक्त डोकं दिसतंय. मागे काय ते दिसत नाही."

"मागे समुद्र आहे!"

त्यांनी मान हलवली. कानटोप्या कानावर ओढल्या आणि बंदुकीशी काहीतरी खुडखुड करत बसले. आणि मी — मी रागावले. वडिलांवर. जन्मात पहिल्यांदा. आवाज चढवून. काय काय बोलले! भित्री म्हटलं. म्हटलं, या नावाला शोभत नाहीस तू. म्हटलं, जा शहरात, पार्किंगमध्ये बस. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी थांबले नाही. शेवटी म्हटलं, "दे इकडे!" आणि बंदूक ओढून घेतली, सेफ्टी काढली, खांद्याला लावली, नेम धरला.

बंदुकीच्या नेमाच्या काचेत वासिलीच्या मिशा होत्या.

बीव्हरची तपकिरी टोपी, खाली पांढरा झगा, हातात थर्मास. बर्फाच्या आडोशाला पाठ टेकून बसला होता, पाठदुखीवाला, घरी बसवेना म्हणून आला असणार! चहा ओतत होता. फुंकर मारली कपात.

माझं बोट चापावर होतं.

खाली आणली बंदूक. कशी आणली ठाऊक नाही. बाबांनी हातमोजा काढून तळवा उघडला. गोळी तिथे होती. मघाशीच काढून घेतली होती. रडत रडत म्हणाले, "रिकामी."

मला माहीत नव्हतं ती रिकामी आहे. हे इथे लिहून ठेवते. मला माहीत नव्हतं.

२२ एप्रिल

कोणी पाहिलं नव्हतं. वासिलीने तर आम्हाला बघून हातही हलवला होता. घरी येताना घसरगाडीवरून बाबांनी विचारलं, "आईला सांगायचं?" म्हटलं, "सांगायचं."

रात्री उभ्यानेच सांगितलं. सगळं. सील वाटला कारण मला सील हवा होता, हेही. नास्तासिया खाली बसली. बराच वेळ हात चोळत होती. मग म्हणाली, "विचार करून सांगते." बंदूक कपाटात, कुलूप. बाबा जेवले नाहीत.

सकाळी उठून वासिलीकडे गेले. त्यालाही सांगितलं. त्याने टोपी काढून हातात धरली. बघत बसला टोपीकडे. मी वाट बघतेय — आता बोलेल, आता काहीतरी लागट बोलेल, आणि मी म्हणेन, तुझ्यासारख्या सीलला चरबीच नाही. काही बोलला नाही. मी उठून आले.

२३ एप्रिल

वासिली आला नाही.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. किंवा मला तसं वाटतं. रागावले मी त्यांना. आईने सांगितलेलं सगळं डोक्यात फिरतंय. नाव दुखावलं असेल. गेले असतील तर? समोर पोरगी बसलीय, रंगवतेय, पण आत ते नसतील तर मी कोणाला बाबा म्हणू? एकदा गेले तेव्हा मी रडले होते. पुन्हा तेच, आणि या वेळी माझ्याच तोंडाने घालवलेले.

२४ एप्रिल

दुपारी बाबा जवळ येऊन बसले. माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाले, "आजी, तू बर्फावर काहीतरी बोलत होतीस ना खूप, ते मला ऐकूच आलं नाही. कानावर ते होतं."

"काहीच नाही ऐकलं?"

"काही नाही."

मग रडलात कशाला, हे विचारणार होते. नाही विचारलं. इतकं मोठं मन आठ वर्षांच्या पोरीत कुठून येतं ते मला माहीत आहे. गेले नाहीत! इथेच आहेत! केस विंचरले त्यांचे, उवा आहेत का बघितल्या. नाहीत.

२६ एप्रिल

वासिली! दार न वाजवता आत! टोपी डोक्यावर, हातात रिकामी परात. घरभर ऐकू जाईल असं ओरडला, "पहिल्या सीलचा वाटा कुठाय?"

मी म्हटलं, "सील मिळाला नाही, माहीत आहे तुला."

"मिळाला नाही कसा? बर्फावरून चिकिगाकने मला जिवंत घरी पाठवलं. म्हणजे शिकार मीच. गावातला म्हाताराही मीच. म्हणजे सगळा वाटा माझा. वाढ!"

पाविलाने त्याच्या पोटाला बोट लावून बघितलं. "चरबी आहे," म्हणाला.

मग काय, केलाच सोहळा! पहिल्या सीलला बायका जसं दारातून उधळतात तसं नास्तासियाने मोजे उधळले, चहाच्या पुड्या उधळल्या, कापडाचे तुकडे उधळले. शेजारणी धावत आल्या, झेलतात आणि विचारतात, "सील कुठाय, सील?" वासिली मधोमध पाय पसरून बसलेला, दोन्ही हात बगलेपाशी घट्ट आणि नुसते तळवे हलवतोय, अगदी सीलसारखा. "ओलिंकाला मी इतका देखणा वाटलो की ओळखूच आलो नाही!" हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. कोणी कितीही विचारलं तरी त्याने खरी गोष्ट सांगितली नाही. नुसतं म्हणायचा, "ते आमचं आहे, आमच्यातलं."

जाताना दारात माझा खांदा धरला. जरा जोरातच धरला.

४ मे

काल रात्री नास्तासियाने निकाल दिला.

पोरीची बंदूक चालू. या वसंतात सील झाला तर झाला, नाहीतर दर सुट्टीत ती इथे येणार, तिकीट ठरलेलं. मी म्हटलं, "आणि मी?"

"तूही जा बर्फावर. पण आजोबांना घेऊनच. आणि त्यांनी नको म्हटलं की नको."

"आणि ते म्हणाले, आज घरी बस, तर?"

"तर घरी बसायचं."

सकाळी बर्फ छान होतं, वारा पडलेला. सदुसष्ट वर्षांची मी हातमोजे घालून बाबांसमोर जाऊन उभी राहिले. ते पाविलाशी पत्ते खेळत होते.

"बाबा, आज जाऊ या का?"

पत्त्यांतून मान वर न करता म्हणाले, "बघू."